मर्यादेबाहेरचा भोपळा

१६ एप्रिल

ही वही भोपळ्याची आहे. दर वसंतात मी नवी काढतो आणि तिच्यात हवामान, खत, पाणी आणि वेलीची लांबी सोडून काही लिहीत नाही. आज अपवाद करतो, कारण घरात सत्तांतर झालं आहे.

काल करविवरण पाठवायची शेवटची तारीख होती. मार्लाने नेहमीप्रमाणे ते तयार केलं, पण शेवटी शेवटी तिच्या बोटांना पेन धरवेना. तिला आमवात आहे. सकाळी मुठी मिटत नाहीत, आणि दर आठ आठवड्यांनी दवाखान्यात सलाइनमधून औषध घ्यावं लागतं. डॉक्टरीणबाई मागच्या खेपेला म्हणाल्या की डोक्याला ताण नको. म्हणून आज न्याहारीला मी जाहीर केलं की यंदापासून करांचं सगळं मी बघणार.

"तू?" मार्ला म्हणाली. धान्य सोसायटीत तिने अठ्ठावीस वर्षं हिशेब ठेवले आहेत. मी कागद गिरणीत यंत्रांना तेल देत होतो.

"मी. आणि आजपासून या घरात कराचं नावसुद्धा काढायचं नाही. तुझ्या प्रकृतीला ते बरं नाही."

"ड्वेन, बेरजेने कुणाचे सांधे सुजत नाहीत."

"डॉक्टर म्हणाल्या ताण नको."

"मला बेरजेचा ताण येत नाही. तुझा येतो."

विषय मी तिथेच मिटवला. एखाद्याला जपायचं तर थोडं कठोर व्हावं लागतं.

सगळं समजून घेतलं, आणि अवघड काही नाही. आम्ही दोघं निवृत्त. सरकारी विमा पासष्टाव्या वर्षी मिळतो, मी त्रेसष्टचा, ती एकसष्टची. तोवर विमा आपला आपण घ्यायचा. त्याचा हप्ता आम्हाला झेपणारा नाही, म्हणून सरकार करात सूट देतं आणि ती रक्कम दर महिन्याला परस्पर विमा कंपनीला जाते. वर्षाचे पंधरा हजार डॉलर होतात. अट एकच. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न चौऱ्याऐंशी हजार सहाशेच्या वर जाता कामा नये. एका डॉलरने जरी गेलं तरी वर्षभराची सूट परत करायची. आमच्या पेन्शनी आणि मार्लाच्या वडिलांच्या शेताचं भाडं धरून आम्ही त्या रेषेच्या बाराशे डॉलर अलीकडे आहोत. म्हणजे वर्षभर काही चांगलं घडलं नाही तर सगळं ठीक आहे.

बिया कोमट पाण्यात भिजत टाकल्या. हवा थंड, वारा वायव्येकडून.

२४ मे

रोप वाफ्यात लावलं. चार पानं, पाचवं येतंय. वरून काचेची झाकण-पेटी ठेवली, कारण इथे मे महिन्याचा भरवसा नाही. मार्ला खुर्ची घेऊन बाहेर आली आणि शाल पांघरून बघत बसली.

"हे रोप चांगलं दिसतंय," ती म्हणाली.

"दरवर्षी चांगलंच दिसतं."

"दरवर्षी तू हेच म्हणतोस, आणि दरवर्षी गॉर्डी नेमेक जिंकतो."

हे खरं आहे. दर ऑक्टोबरात सगळ्यात जड भोपळ्याची स्पर्धा असते, तिथे पंचवीस वर्षांत माझा भोपळा चार वेळा दुसरा आला. पहिला कधीच नाही. गॉर्डीबद्दल माझ्या मनात काही नाही. तो दुधावरची निवळ खत म्हणून घालतो आणि तसं कुणाला सांगत नाही, एवढंच.

१ जुलै

आज पहाटे मादी फूल उमललं. मी स्वतःच्या हाताने परागकण लावले आणि वर कागदाचा द्रोण बांधला, म्हणजे मधमाशांना आपलं डोकं चालवायला नको.

दुपारी जेवताना मार्ला म्हणाली, "ड्वेन, ऐक. यंदापासून आपल्या विम्याबरोबर एक नवं खातं काढता येतं. आरोग्यासाठी–"

"मार्ला."

"अरे, नुसतं ऐकून तर घे."

"ताण."

तिने काटा ताटात आपटला. बटाट्याच्या सॅलडचा थेंब माझ्या चष्म्यावर उडाला. मी चष्मा पुसला. आजारी माणसाची चिडचिड आपल्यावर निघते, ती आपण सोसायची असते.

२७ जुलै

भोपळा सहाशे पौंडांवर गेला. दिवसाला पस्तीस-चाळीस पौंडांनी वाढतोय. माझ्या कुठल्याच भोपळ्याने हे केलेलं नाही. खाली वाळू पसरली आहे, म्हणजे तो वाढताना घासणार नाही. दुपारी उन्हाने साल फुटू नये म्हणून जुनी चादर घालतो. दिवसाला शंभर गॅलन पाणी. रात्री झोपताना मला त्याची आठवण येते, हे वहीत लिहायला हरकत नाही.

मार्लाने आणखी दोनदा कराचा विषय काढला. एकदा तर कागद हातात घेऊन आली होती. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

८ ऑगस्ट

संध्याकाळी लायल ग्रुबर आला. तो आमच्या भोपळा मंडळाचा अध्यक्ष. एरवी लोकांच्या पाठीची हाडं बसवतो. त्याने तिन्ही बाजूंनी टेप लावून मापं घेतली, तक्त्यात बघितलं आणि टोपी काढली.

"अकराशे," तो म्हणाला. "आणि अजून दोन महिने आहेत. ड्वेन, यंदा गॉर्डीचं काही खरं नाही."

"कसचं काय."

"पहिलं बक्षीस सात हजार झालंय, माहीत आहे ना? बक्षीस देणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी वाढवलं."

लायल गेल्यावर मी वाफ्याच्या कडेला बादली उलटी टाकून बसलो. सात हजार. आमच्याकडे जागा बाराशेची.

रात्रभर हिशेब केला. हिशेब एका ओळीचा आहे, पण मी तो पुन्हा पुन्हा केला. मी जिंकलो, तर सात हजार मिळतील आणि पंधरा हजार परत द्यावे लागतील. आणि ते द्यायला नाहीत. मग पुढच्या वर्षीचा हप्ता कुठून भरायचा? मार्लाच्या औषधाचं काय? दोन वर्षांपूर्वी विमा बदलताना त्या औषधात तीन महिन्यांचा खंड पडला होता. तिला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. मी लावत होतो. ती भिंतीकडे बघायची.

पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली ते आता येऊ घातलंय, आणि मला ते नको आहे. हवंही आहे. दोन्ही खरं आहे.

१० ऑगस्ट

लायलला पाठ दाखवायच्या निमित्ताने गेलो. पालथा झोपलेला असताना विचारलं, "समजा एखाद्याने पहिलं बक्षीस जिंकलं आणि पैसे नको म्हटलं, तर?"

"असं कोण म्हणेल?"

"समजा म्हटलं ना."

"तरी नाव सरकारला कळवावंच लागेल. मला वाटतं." आणि त्याने माझी मान काडकन् फिरवली.

तो "मला वाटतं" म्हणाला हे मी ऐकलं. पण तो सभेतही प्रत्येक वाक्याच्या शेवटी तेच म्हणतो. अध्यक्ष आहे, त्याला माहीत असणारच.

भोपळा न्यायचाच नाही असंही डोक्यात आलं. पण मग मार्लाला कारण सांगावं लागेल. कारण कराचं आहे. आणि घरात कराचं नाव काढायचं नाही, हा नियम मीच केलेला.

शेवटी मार्ग सापडला. दुसरं बक्षीस नऊशे डॉलर आहे. ते बसतं. मला फक्त दुसरं यायचं आहे, आणि त्याचा मला अनुभव आहे. गॉर्डीचा भोपळा साधारण सतराशेवर जाईल असं पेट्रोलपंपावर सकाळच्या कॉफीला सगळे म्हणतात. माझा सोळाशेवर थांबवायचा. आजपासून पाणी बंद.

१६ ऑगस्ट

सहा दिवस पाणी नाही. पाऊस नाही. भोपळा दोनशे पौंडांनी वाढला.

माती चाचपली. ओली आहे. कॉफीवरून आल्यावर सकाळी सातला ओली असते, दुपारी सुकते, दुसऱ्या सकाळी पुन्हा ओली. वेंडेलला विचारलं. वेंडेल आमचा शेजारी, त्याच्याकडे बोअर आहे, त्यामुळे पाण्यातलं त्याला कळतं. तो म्हणाला, "खालून ओलावा वर येत असेल. आपल्याकडे तसं आहे." बहुधा तसंच असावं.

मार्ला हल्ली दहाच्या सुमारास पुन्हा आडवी होते. मनगटं सुजली आहेत. मला काळजी वाटते.

२१ ऑगस्ट

चादर घालायचं बंद केलं. साल उन्हात थोडी तडकली की वाढ मंदावते. सकाळी चादर काढून कुंपणावर टाकली आणि शहरात गेलो. परत आलो तर चादर भोपळ्यावर. वारा होता खरा. पण वाऱ्याने चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, हे मला नवीन आहे.

मार्लाला विचारलं, इकडे कुणी आलं होतं का.

"वेंडेलची कोंबडी," ती म्हणाली.

तिच्या पायातले रबरी बूट दारात होते, चिखलाने माखलेले. म्हणाली, कोंबडी हाकलायला गेले होते. तिने असल्या अंगाने कोंबड्यांच्या मागे धावू नये असं मी सांगितलं. ती हो म्हणाली.

३ सप्टेंबर

डॉक्टरांकडे गेलो. मार्लाचे सांधे उन्हाळ्यात बिघडले आहेत. डॉक्टरीणबाईंनी बोटं एकेक करून दाबून बघितली आणि विचारलं, "हातांचं नवीन काही काम सुरू केलंय का?"

"विणकाम," मार्ला म्हणाली.

ती विणत नाही. पण डॉक्टरांपुढे माणूस काहीही बोलून जातो.

"कमी करा," बाई म्हणाल्या. "आणि औषध अजिबात चुकवू नका. पुढची तारीख आठ ऑक्टोबर. हे चुकलं तर उजवं मनगट हातातून जाईल, स्पष्टच सांगते."

"आमच्याकडून नाही चुकणार," मी म्हणालो. आवाज जरा मोठा निघाला. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

येताना गाडीत मार्ला म्हणाली, "तुला काही सांगायचंय का, ड्वेन?"

"नाही. तुला?"

तिने मक्याच्या शेतांकडे बघितलं. "मी सांगायला गेले की तू टीव्ही मोठा करतोस."

"तुझ्याच भल्यासाठी."

"ते माहीत आहे," ती म्हणाली. "तोच तर घोळ आहे."

१४ सप्टेंबर

सतराशे ऐंशी. सोळाशेचा बेत गेला. काल मी वेलीची चार मोठी पानं छाटली. आज बाकीची जास्त टवटवीत दिसतात. लायल येऊन गेला आणि म्हणाला, "छाटणी कुठे शिकलास? कमाल आहे." आता मंडळाच्या पुढच्या सभेत मला त्यावर पंधरा मिनिटं बोलायचं आहे.

पाण्याची नळी रोज सकाळी उलट्या बाजूने गुंडाळलेली दिसते. मी उजवीकडून गुंडाळतो. विसरभोळेपणा वाढला की काय असं वाटलं. मार्लाला बोललो नाही, तिला उगाच आणखी एक काळजी नको.

२६ सप्टेंबर

गॉर्डीकडे जाऊन आलो. त्याचा सतराशे दहा होईल. हा माणूस पंचवीस वर्षं मला हरवत आला आणि ऐन गरजेच्या वेळी कमी पडला.

मार्लाने केस कापून घेतले. निळा कोट धुवायला टाकला. किराणा दुकानात, चर्चमध्ये, पोस्टात, भेटेल त्याला सांगते आहे की तीन तारखेला वजनाला या, ड्वेनचा भोपळा यंदा पहिला येणार. तिला इतकं हसताना मी खूप दिवसांनी बघितलं. मला ते बघवत नाही, आणि बघत राहावंसंही वाटतं.

२ ऑक्टोबर

नियम असा आहे की भोपळ्याला आतल्या पोकळीपर्यंत जाणारं भोक असेल तर तो बाद. भेग, कुजका भाग, भोक, काहीही. वजन करतात, पण प्रदर्शनापुरतं. बक्षीस नाही.

मार्ला संध्याकाळी चर्चच्या बायकांबरोबर केक करायला गेली. म्हणजे सूचना द्यायला गेली, हात बाकीच्यांचे. मी शेडमधून ड्रिल आणलं. अर्ध्या इंचाचं लांब पातं लावलं. खालच्या बाजूला, जमिनीकडून, जिथे सहसा कुणी बघत नाही पण उचलल्यावर पंच बघतात, तिथे टेकवलं. साल इतकी गुळगुळीत होती. मी त्याला सॉरी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. आसपास कुणी नव्हतं.

पातं पाच इंच गेलं आणि एकदम मोकळं झालं.

भोकात माती भरली. ड्रिल पुसून जागेवर ठेवलं. मग शेडमध्ये बसलो आणि मला रडू आलं. गिरणी बंद झाली तेव्हा आलं नव्हतं. आता मार्लाचं औषध चुकणार नाही, हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्याने थोडं बरं वाटलं.

३ ऑक्टोबर

वेंडेलने त्याच्या लोडरने भोपळा उचलून ट्रेलरवर ठेवला. मी मुद्दाम भोकाच्या बाजूला उभा राहिलो, म्हणजे ते त्याला दिसू नये. हार्लन फॉल्सच्या मैदानावर दोनेकशे माणसं असतील. मार्ला निळ्या कोटात सगळ्यात पुढे.

काट्यावर एकोणीसशे बासष्ट आलं. गॉर्डीचा सतराशे चार. लोकांनी आरडाओरडा केला. मार्लाने टाळ्या वाजवल्या. तिला टाळी वाजवायला किती त्रास पडतो हे फक्त मला माहीत आहे.

मग लायल वाकला, खालून टॉर्च फिरवला आणि थांबला. माती उकरून पेन्सिल घातली. पेन्सिल सगळी आत गेली.

"अरे देवा," तो म्हणाला. "ड्वेन, भोक आहे रे. रानघूस असणार."

गॉर्डीने टोपी काढली. मार्ला पुढे आली, एक हात ट्रेलरला धरून खाली वाकली. ती वाकते तेव्हा पायऱ्या उतरल्यासारखी टप्प्याटप्प्याने वाकते. तिने भोक बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग उभी राहिली.

"रानघूस," ती लायलला म्हणाली, "अर्ध्या इंचाचं गोल भोक पाडते होय?"

"मला वाटतं," लायल म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. मी गॉर्डीकडे बघितलं. गॉर्डीने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "असं जिंकायचं नव्हतं रे मला," तो म्हणाला. चांगला माणूस आहे. त्याला सात हजारांचा मोठाच चेक दिला, दाराएवढा, पुठ्ठ्याचा.

परतताना अर्ध्या रस्त्यात तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "का?"

मी सांगितलं. रेषा, बाराशे, सात हजार, पंधरा हजार, तिचं मनगट. इतके दिवस आत धरून ठेवलेलं होतं, भराभर बाहेर आलं. मला वाटलं ती माझा हात धरेल.

"गाडी थांबव," ती म्हणाली.

मी रस्त्याच्या कडेला थांबवली. ती उतरली नाही. समोर बघत बोलायला लागली, एकेक शब्द मोजून टाकल्यासारखा.

"जुलैत मी एक खातं उघडलं. आरोग्य बचत खातं. यंदापासून आपल्या विम्याला ते चालतं. औषधपाण्यासाठी त्यात पैसे टाकायचे, आणि टाकलेले पैसे उत्पन्नात धरतच नाहीत. सात हजार आले असते, सात हजार मी त्यात टाकले असते. रेषा जिथल्या तिथे. वर माझ्या औषधाचा आपल्या खिशातून जाणारा भाग त्यातूनच भागला असता. जुलैत, ड्वेन. भोपळा टोपलीएवढा होता तेव्हा."

"तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं नाही?" तिचा आवाज फुटला. "तीनदा आले सांगायला! कागद घेऊन आले! तू म्हणालास कराचं नाव काढू नकोस. तू म्हणालास ताण!"

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"आणि पाणी कोण घालत होतं?" ती म्हणाली.

"खालून ओलावा–"

"ओलावा!" तिने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मनगटं, बोटांचे सांधे, सगळं लाल आणि फुगलेलं. "तू कॉफीला गेलास की मी रोज सकाळी नळी ओढत नेत होते. रोज. मला वाटलं तू खचलास. मला वाटलं माझ्या आजारपणापायी तुझं कशात लक्ष नाही, आणि ज्याची हा माणूस पंचवीस वर्षं वाट बघतोय ते आता वाळून जाणार. म्हटलं, एवढं तरी आपण करू."

मी तिचे हात धरायला गेलो. तिने ते कोटाच्या खिशात घातले.

मी तिचं औषध वाचवायला भोपळा मारत होतो, आणि मी जितका मारत होतो तितकी ती स्वतःला मारत होती. उन्हाळाभर. मला तिची बोटं दिसत होती, बूट दिसत होते, चादरीवरचे दगड दिसत होते. मी मूर्ख आहे. हे मी वहीत लिहितो आहे कारण तोंडाने म्हटलं तेव्हा ती "हो" म्हणाली आणि मग घर येईपर्यंत काहीच म्हणाली नाही.

५ ऑक्टोबर

बोलणं बंद आहे. आज पहाटे मी उठून तिच्यासाठी गरम पाण्याची बादली भरून ठेवली. तिने हात बुडवले, पण माझ्याकडे बघितलं नाही.

भोपळा ट्रेलरवरून उतरवून अंगणात ठेवला आहे. गावातली माणसं त्याच्यासोबत फोटो काढून जातात.

८ ऑक्टोबर

औषध चुकलं नाही. विम्याने दिलं. दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "काय मग, भोपळ्याचं काय झालं?"

"प्रदर्शनात होता," मार्ला म्हणाली.

सलाइन चढायला दोन तास लागतात. मी खुर्चीत बसून होतो. मध्येच तिने डोळे न उघडता विचारलं, "दुखलं का तुला? ड्रिल लावताना?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. पण तिचा हात गादीवरून माझ्या बाजूला सरकला, आणि मी तो हलक्याने धरला. सुजलेल्या बोटांना दाबायचं नसतं, त्यामुळे मी नुसता खाली हात ठेवला.

१८ ऑक्टोबर

भोपळा कुजायला लागला. वेंडेलने त्याच्या गाईंना नेला. मी बघायला गेलो नाही. वाफ्यात शेणखत घातलं.

न्याहारीला मार्ला म्हणाली, "खड्ड्यात गेलं असतं तरी चाललं असतं ते मनगट. पण भोपळा पहिला यायला हवा होता."

मी म्हणालो, मला तिचं मनगट जास्त हवं होतं. ती म्हणाली, माझं मनगट, मी ठरवेन. मी म्हणालो, माझा भोपळा. ती म्हणाली, पाणी मी घातलं. मग आम्ही दोघं हसायला लागलो. कॉफी सांडली.

१ नोव्हेंबर

आजपासून पुढच्या वर्षीचा विमा घ्यायचा. त्यासाठी पुढच्या वर्षी दोघांचं उत्पन्न किती होईल याचा अंदाज आधीच लिहून द्यावा लागतो, त्यावर सूट ठरते. मी करांचा कारभार सोडल्याचं मागच्या महिन्याच्या तीन तारखेलाच कळवलं होतं. मार्ला संगणकापुढे बसली. बोटं अजून वळत नाहीत, म्हणून ती सांगते आणि मी टाइप करतो.

पेन्शन, पेन्शन, शेताचं भाडं. यंदाएवढंच.

"आता 'इतर'मध्ये," ती म्हणाली, "सात हजार."

"कशाचे?"

"पहिलं बक्षीस."

"मार्ला, पुढच्या वर्षीचं आत्ता कसं सांगणार? बी अजून पडलेलं नाही. गॉर्डी आहे, गारपीट आहे."

"सरकार अंदाज विचारतंय ना? मी अंदाज सांगतेय. टाइप कर."

मी सात हजार टाइप केलं. मग तिने खालच्या वजावटीच्या रकान्यात आरोग्य बचत खात्याचे सात हजार टाइप करायला लावले, आणि बेरीज पुन्हा जिथल्या तिथे आली.

शेवटी एक वाक्य असतं की वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, आणि ती खोटी असल्यास मी शिक्षेला पात्र आहे. त्याखाली अर्जदाराने सही करायची असते. अर्जदार मी आहे. मार्ला खुर्ची जवळ ओढून बसली. मी वाक्य दोनदा वाचलं आणि सही केली.